बोअरच्या पाण्याचे पैसे भरायला अकरा महिने लागले

मे २०२२ च्या मध्यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी पेपरातलं एक कात्रण टाकलं आणि खाली तीन रडके चेहरे. बातमी अशी होती की केंद्रीय भूजल प्राधिकरणाने जाहीर नोटीस काढलीये, बोअरचं किंवा विहिरीचं पाणी वापरणाऱ्या हाउसिंग सोसायट्यांनी ३० जूनच्या आत १०,००० रुपये भरून नोंदणी करायची, मग पूर्ण अर्ज करून एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) घ्यायची, आणि पाणी उपसायचे चार्जेस वेगळे. अर्ध्या तासात एकशे बारा मेसेज. टँकरला पैसे, कॉर्पोरेशनला पैसे, आता जमिनीखालच्या पाण्याला पण पैसे, उद्या पावसाचं बिल येणार, असं सगळं.

मी तेव्हा नुकतीच सेक्रेटरी झाले होते. झाले म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नाही म्हणून. ५६ फ्लॅट, दोन विंग, दोन बोअर, आणि बी विंगच्या मागे जाळी टाकून झाकलेली एक जुनी विहीर, जिच्याबद्दल पुढे सांगते कारण सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरून झाली. शहराचं आणि सोसायटीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, माणसं चांगली आहेत, उगाच कशाला. पण प्रोसेस लिहून ठेवतेय, कारण मला त्या वेळी असं नीट सांगणारं कोणी भेटलं असतं तर निदान दोन महिने वाचले असते.

रविवारी २२ मेला कमिटीची मीटिंग झाली. चेअरमन साहेबांचं म्हणणं एकच, "हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं? शेजारच्या चार सोसायट्यांनी काही केलेलं नाही." खोटं नव्हतं ते. मला पण मनातून तेच वाटत होतं खरं सांगायचं तर. पण मी रात्री बसून भूजल उपशाबद्दलची केंद्राची २४ सप्टेंबर २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं वाचायला घेतली (इंग्रजीत आहेत, रटाळ आहेत, पण वाचाच) आणि दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे एनओसी नसताना उपसा केला तर पर्यावरण भरपाई लावायचं सूत्र आहे, त्यात रोजचं पाणी गुणिले दर गुणिले दिवस असा हिशोब असतो, म्हणजे जितके दिवस गप्प बसाल तितका आकडा फुगत जातो. आणि दुसरी गोष्ट, जी ग्रुपवर कोणीच वाचलेली नव्हती, ती म्हणजे दर.

घरगुती वापरासाठी सोसायट्यांना महिन्याला २५ घनमीटरपर्यंत काही नाही, २६ ते ५० घनमीटरला घनमीटरमागे १ रुपया, ५० च्या वर २ रुपये. घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणजे १०,००० लिटरचा एक टँकर भरेल एवढं पाणी आपल्याच बोअरमधून काढलं तर सरकारला द्यायचे २० रुपये. त्या उन्हाळ्यात आम्ही तेवढ्याच पाण्याच्या टँकरला १,४०० देत होतो आणि ४७ टँकर मागवले होते. टँकरचं पाणी तरी कुठून येतं, कोणाच्या तरी विहिरीतूनच की. (जमिनीतलं पाणी काढून विकणाऱ्या टँकरवाल्यांनाही एनओसी सक्तीची आहे. ते विचारायची हिंमत मात्र आमच्यात कोणाची नाही, मे महिन्यात टँकरवाल्याशी वैर कोण घेणार.)

५ जूनला खास सभा बोलावली. त्या दिवशी पर्यावरण दिन होता हे मला नंतर कळलं, योगायोगच. सभेत बी विंगचे वकील काका उभे राहिले, रिटायर्ड आहेत पण कोर्ट अंगात मुरलेलं आहे. त्यांनी १८८२ चा सुखाधिकार कायदाच काढला. म्हणाले, जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीतलं जमिनीखालचं पाणी गोळा करायचा आणि वापरायचा हक्क आहे, कलम ७ च्या उदाहरणात स्पष्ट लिहिलंय, मग हे पैसे कसले? टाळ्या. मला कायद्यातलं काही कळत नाही, पण आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं म्हणून वाचले. १९९६ साली एम. सी. मेहता यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर १४ जानेवारी १९९७ ला केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली हे प्राधिकरण स्थापन केलं, आणि त्याला भूजलाचं नियमन करायचे अधिकार दिले. एवढं मी कागदावरून वाचून दाखवलं. काका म्हणाले, "अगं सेक्रेटरीबाई, अधिकार दिले म्हणून माझा हक्क गेला का?" मी म्हणलं, "काका, ते मला माहीत नाही, पण १०,००० भागिले ५६ म्हणजे घरटी १७९ रुपये होतात, तेवढ्यात निदान आपण कागदावर येतो." ठराव पास झाला, ३१ विरुद्ध ९. काकांचं मत विरोधात नोंदवा म्हणून त्यांनी मुद्दाम सांगितलं, नोंदवलं.

टिप लिहायची तर पहिली हीच, सभेचा ठराव नीट लिहून घ्या. नोंदणी करायला, अर्जावर सही कोण करणार, पैसे कोणत्या खात्यातून जाणार, हे तिन्ही एकाच ठरावात येऊ द्या. आमचं तिसरं राहिलं आणि खजिनदारांनी चेकवर सही करायला आठ दिवस लावले.

मधल्या काळात मी चुकीच्या दारात पण जाऊन आले. मला वाटलं बोअर म्हणजे आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणून जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी चहा पाजला आणि समजावून सांगितलं की राज्याचा भूजल कायदा वेगळा आहे, २००९ चा, लागू झाला १ जून २०१४ पासून, त्यात विहिरींची नोंदणी आहे, ६० मीटरच्या खाली गेलेल्याला खोल विहीर म्हणतात, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताचं संरक्षण आहे वगैरे, पण तुम्ही जे म्हणताय ते केंद्राचं, ते ऑनलाइन करायचं. एक सुट्टी गेली. पण त्याच बाईंनी जाता जाता विचारलं, "तुमची रोजची गरज किती, उपसा किती?" आणि मी गप्प. बारा वर्षं त्या पाण्याने आंघोळ करतोय आणि किती काढतो ते आख्ख्या सोसायटीत कोणालाच माहीत नव्हतं.

बिल्डरच्या कागदात बोअर मारताना "दोन इंची पाणी" असं लिहिलेलं होतं. आता दोन इंची म्हणजे किती लिटर ते विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. प्लंबर म्हणाला रोज ३०,००० लिटर तरी असेल. चेअरमन म्हणाले १०,००० च्या वर नाही. आमचे वॉचमन मामा, जे रोज मोटर चालू-बंद करतात, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

२७ जूनला नोंदणीचे १०,००० भारतकोशवर (सरकारी पैसे ऑनलाइन भरायचं पोर्टल) भरले, पावती डाउनलोड केली, तीन ठिकाणी सेव्ह केली. त्या वेळी पोर्टल जुनं होतं, आता सप्टेंबर २०२४ पासून भू-नीर नावाचं नवीन पोर्टल आलंय त्यामुळे स्क्रीन कशी दिसते ते सांगण्यात अर्थ नाही, पण पैसे भरल्यावर ट्रान्झॅक्शन नंबरचा स्क्रीनशॉट काढायचं सोडू नका. आमचं पेमेंट खात्यातून गेलं आणि पोर्टलवर दीड दिवस दिसत नव्हतं, ते दीड दिवस मी काय जेवले मला आठवत नाही.

मग पूर्ण अर्ज. एका कन्सल्टंटला बोलावलं, तो म्हणाला ८५,००० होतील, मीटरचे वेगळे, आणि तुम्ही काळजीच करू नका. उपसा किती लिहायचा विचारलं तर म्हणे, "४० घनमीटर टाकू रोजचे, जास्त असलेलं बरं, नंतर त्रास नको." इथे मी केलेली एकमेव हुशारी म्हणजे त्याच संध्याकाळी नियम परत उघडले. सोसायटीची भूजलाची गरज रोज २० घनमीटरच्या वर असेल तर सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी, सक्तीचा होतो, आणि ते पाणी फ्लशला, बागेला, गाड्या धुवायला वापरायचं. आमच्याकडे एसटीपी नाही, बसवायला जागा नाही, पैसे तर नाहीतच. नुसता आकडा फुगवून लिहिला म्हणून तीस-चाळीस लाखांचं लचांड गळ्यात आलं असतं. कन्सल्टंटला नमस्कार केला. (सगळेच असे नसतात, माझ्या नणंदेच्या सोसायटीचं काम एकाने चोख करून दिलं.)

तर मोजायचं ठरवलं. पद्धत अगदी गावठी. २०० लिटरचा ड्रम, मोबाईलचं स्टॉपवॉच, वॉचमन मामा आणि मी. बोअरचा पाईप टाकीकडे जातो तिथली युनियन सोडवली, पाणी ड्रममध्ये. एक नंबरच्या बोअरने ड्रम भरला ३ मिनिटं १० सेकंदात, म्हणजे तासाला साधारण ३,८०० लिटर. दोन नंबरच्याने ५ मिनिटं घेतली, म्हणजे २,४००. तीन वेळा मोजलं, मी पूर्ण भिजले, वरून चार जण गॅलरीतून सूचना देत होते. मग मामांना विचारलं किती वेळ चालवता, तर त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. त्यात तारीख, चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ. चार वर्षांची. मी म्हणलं मामा हे कोणी लिहायला सांगितलं होतं? म्हणाले, "कोनी नाय म्याडम, मोटर जळली की माज्यावरच येतं ना, म्हनून."

वहीवरून एक नंबर सरासरी अडीच तास, दोन नंबर दीड तास. हिशोब केला तर दोन्ही मिळून रोज १३,००० लिटरच्या आसपास. म्हणजे १३ घनमीटर. प्लंबर पण चूक, चेअरमन पण चूक.

आता विहीर. ही आमची बिल्डिंग उठली त्या आधी इथे शेत होतं, त्या शेतकऱ्याने बांधलेली, दगडी, ३८ फूट खोल, आत पिंपळाचं रोप आलेलं. माळीदादा तिच्यावर अर्ध्या एचपीचा पंप लावून बागेला पाणी घालतात, फार नाही, हजारभर लिटर रोजचं. फॉर्ममध्ये पाणी काढायची सगळी साधनं विचारतात, बोअर, कूपनलिका, खोदलेली विहीर, सगळी. कमिटीतले तिघे म्हणाले विहीर दाखवू नका, ती काय आपण प्यायला वापरतो का. मी म्हणलं तिचे अक्षांश-रेखांश जाऊ द्या, सॅटेलाइट मॅपवर ती काळी गोल आख्खी दिसतेय, आणि उद्या कोणी बघायला आलं तर माळीदादाच कौतुकाने दाखवतील. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला. दोन आठवडे यावर ग्रुप पेटलेला होता. शेवटी वकील काकाच माझ्या बाजूने आले, म्हणजे बाजूने नाही, ते म्हणाले, "माझा फी द्यायला विरोध आहे, प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहायला नाही असं मी कधी म्हणलं?" वाक्य जरा उलटसुलट होतं पण विषय संपला. विहीर लिहिली. एकूण १४ घनमीटर.

याच सुमारास गावाहून माझ्या मामाचा फोन (वॉचमन मामा वेगळे). त्याची दोन एकरांत विहीर आहे, त्याला कोणीतरी सांगितलं की भाची शहरात विहिरीचे पैसे भरतेय. "काय गं, आता आमच्या मोटरीला पण मीटर का?" त्याला सांगितलं की शेतीला या एनओसीतून सूट आहे, घरगुती वापराच्या एकट्या-दुकट्या घरालाही सूट आहे, तुझं काही नाही. तर म्हणाला, "मग तू गावाला ये की राहायला." उद्योगांचं वेगळं असतं, त्यांचे दर भूजलाच्या बाबतीत तालुका सुरक्षित आहे की अंशतः शोषित की शोषित की अतिशोषित त्यावर बदलतात. सोसायट्यांना तो भेद नाही, हे मला खूप उशिरा कळलं, तोवर मी आमचा तालुका कशात बसतो ते शोधण्यात तीन रात्री घालवल्या होत्या.

पुढचा कागद म्हणजे स्थानिक पाणीपुरवठ्याचं पत्र, की यांना आम्ही पुरेसं पाणी देऊ शकत नाही. हा सगळ्याचा पाया आहे, कारण सोसायटीला एनओसी मिळते तीच मुळी नळाचं पाणी कमी पडतं म्हणून. आमचा हिशोब असा की २१० माणसं गुणिले माणशी १३५ लिटर म्हणजे २८,००० च्या थोडं वर, नळाचं येतं १४,००० च्या आसपास, राहिलेलं बोअरचं. पत्रासाठी मी चार चकरा मारल्या आणि त्यातल्या तीन माझ्याच चुकीने. पहिल्यांदा ठरावाची कॉपी नव्हती, दुसऱ्यांदा पाणीपट्टीची एक थकबाकी निघाली (८४० रुपये, २०१९ ची, कोणालाच माहीत नव्हती), तिसऱ्यांदा लेटरहेडवरचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव वेगळं, एकात "सहकारी गृहरचना संस्था" आणि दुसऱ्यात "गृहनिर्माण". चौथ्यांदा गेले तर गणपती. १४ सप्टेंबरला पत्र हातात आलं. रिक्षात बसून परत परत वाचलं, "अपुरा पाणीपुरवठा" हे दोन शब्द वाचून एवढा आनंद आयुष्यात कोणाला झाला नसेल.

बाकीचे कागद पटापट झाले. १०० च्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, नोटरी धरून ७०० च्या आत. एका भूजलतज्ज्ञांना एकदाच बोलावलं, ६,००० घेतले, पण माणूस सोनं. त्यांनी बोअरची खोली, पाण्याची पातळी, जागेचा नकाशा सगळं तक्त्यात बसवून दिलं, आणि पार्किंगमध्ये उभं राहून खाली काय काय आहे ते सांगितलं, वर मुरूम, मग काळा पत्थर, मध्ये भेगाळलेला थर आणि पाणी असतं ते त्या भेगांत, खाली तळं वगैरे काही नसतं. मुलं पण जमली होती ऐकायला. एकाने विचारलं नारळ हातावर धरून पाणी शोधतात ते खरं का. ते म्हणाले, "नारळ उभा राहतो हे मी पाहिलंय, खाली पाणी निघालं नाही हेही पाहिलंय."

एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमधून बोअरच्या पाण्याच्या दोन टेस्ट, ४,८०० रुपये. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, भरपूर निघाला, सगळ्यांचे गीझर का खराब होतात ते कळलं.

२१ सप्टेंबरला रात्री पावणेबाराला अर्ज सबमिट केला.

आणि मग शांतता. ऑक्टोबर गेला, दिवाळी झाली, मी रोज सकाळी चहाबरोबर पोर्टल उघडायचे, नवरा म्हणायचा शेअर मार्केट बघतेस का. ग्रुपवर सुरुवातीचे टोमणे पण थांबले, लोक विसरून गेले आणि ते टोमण्यांपेक्षा वाईट वाटत होतं. ९ डिसेंबरला क्वेरी आली. दोन मुद्दे. एक, दोन नंबरच्या बोअरचे अक्षांश-रेखांश जागेच्या बाहेर पडतात. बघितलं तर मी मोबाईलवर ते घेतले तेव्हा बिल्डिंगच्या आडोशाला उभी होते, आमची बोअर कागदावर पलीकडच्या नाल्यात गेलेली. दुसरा मुद्दा वाचून मला घामच फुटला. एका तक्त्यात मी रोजचा उपसा १४ लिहिला होता आणि दुसऱ्यात १४,०००. लिटर डोक्यात होते आणि रकाना घनमीटरचा. रोज १४,००० घनमीटर! १३५ लिटरने भागून बघितलं तर लाखभर माणसांचं पाणी होतं ते, ५६ फ्लॅटचं.

ही चूक कोणाला सांगितली नव्हती, इथे पहिल्यांदा लिहितेय. तुम्ही अर्ज भरताना प्रत्येक रकान्यापुढे एकक काय आहे ते पेन्सिलने कागदावर लिहा आणि दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. लिटर, किलोलिटर, घनमीटर, केएलडी (म्हणजे रोजचे किलोलिटर), रोजचं, महिन्याचं, वर्षाचं. एक किलोलिटर म्हणजेच एक घनमीटर, एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

दुरुस्ती करून १५ डिसेंबरला परत पाठवलं. नवं वर्ष, संक्रांत, होळी. मार्चमध्ये चार्जेसची रक्कम दिसायला लागली, १४ घनमीटर रोजचे धरले तर वर्षाचे ५,११०, वरच्या दराने १०,२२० रुपये होतात, सभेत मी हाच आकडा सांगितला आणि एकदम कोणीच काही बोललं नाही. वर्षभर ज्याच्या नावाने शिमगा केला ते घरटी वर्षाला १८३ रुपये निघाले, महिन्याचे पंधरा. वकील काका एवढंच म्हणाले, "प्रश्न रकमेचा नव्हताच." त्यांचं म्हणणं अजून तेच आहे आणि खरं सांगू का, मलाही ते अगदीच चुकीचं वाटत नाही. विहीर बांधणाऱ्या त्या शेतकऱ्याने कोणाला विचारलं असेल? पण त्याच्या वेळी या एवढ्याशा जागेवर २१० माणसं नव्हती आणि दर चारशे फुटांवर एक सबमर्सिबल पण नव्हती.

१८ एप्रिल २०२३, मंगळवार, एनओसीची पीडीएफ आली. पाच वर्षं, किंवा नळाचं पुरेसं पाणी मिळेपर्यंत, जे आधी होईल ते. चेअरमन साहेबांनी पेढे आणले, स्वतःच्या पैशांनी.

पण काम इथे संपत नाही, खरा खर्च इथून सुरू होतो. एनओसी मिळाल्यापासून ३० दिवसांत टॅम्परप्रूफ डिजिटल फ्लो मीटर बसवून कळवायचं, टेलिमेट्रीसकट, म्हणजे रीडिंग आपोआप ऑनलाइन जायची सोय. तीन मीटर, फिटिंगसकट ८८,०००. कोटेशन मागवताना "बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणे आहे का, टेलिमेट्री आतच आहे का बाहेरून जोडायची, सिम कोणाच्या नावावर" हे तीन प्रश्न विचारा, आम्ही तिसरा विचारला नाही. वर्षातून एकदा मीटरचं कॅलिब्रेशन, एप्रिल-मेमध्ये पाण्याची तपासणी. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण पण बंधनकारक आहे. आमच्याकडे बिल्डरने केलेला खड्डा होता, उघडून बघितला तर आत गाळ, दोन चपला आणि एक क्रिकेट बॉल. तो साफ करून परत खडी-वाळू भरायला १४,०००. सगळं मिळून १ लाख ३४ हजारांच्या आसपास, घरटी २,४००. त्यात सरकारी पैसे किती ते तुम्हीच बघा.

मीटर १२ मेला चालू झाले आणि पहिल्याच आठवड्यात गंमत. एक नंबरच्या बोअरच्या ग्राफमध्ये रात्री एक ते चारच्या मध्ये रोज दोन घनमीटर जात होते. रात्री मोटर कोण चालवतं? मामा शपथ घेऊन सांगत होते मी नाही. मला वाटलं मीटरच खराब आहे. वकील काकांना झोप येत नाही, ते रात्री दोनला खाली जाऊन टाकीपाशी खुर्ची टाकून बसले, अक्षरशः. ए विंगच्या वरच्या टाकीचा फ्लोट अडकलेला, ऑटो पॅनल मोटर चालू करायचं आणि पाणी ओव्हरफ्लो होऊन मागच्या गटारात. किती वर्षं चाललं होतं देव जाणे. रोज २,००० लिटर, म्हणजे पाच दिवसांत एक टँकर. फ्लोट बदलायला ३५० रुपये लागले. त्या उन्हाळ्यात टँकर २९ मागवले, आधीच्या वर्षी ४७ होते. सगळं श्रेय फ्लोटला नाही, पाऊस पण बरा झाला होता आदल्या वर्षी.

आता दीड वर्ष झालं. मे महिन्यात एक नंबरची बोअर जेमतेम ५ घनमीटर देते आणि ऑक्टोबरमध्ये सोडली तर १२ पण देईल, हे आम्हाला ग्राफवरून कळतं. ऑक्टोबरमध्ये तिन्ही मिळून १४ च्या आत ठेवायला मामांना मोटर बंद करायला सांगावी लागते, पाणी असताना बंद का करायची यावर दर ऑक्टोबरला वाद होतो, या वर्षी पण झाला. शेजारच्या चारपैकी दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी येऊन फाइल बघून गेले, एकीने ड्रम पण नेला मोजायला, अजून परत केलेला नाही.

मामांची वही चालूच आहे, आता तिसरा रकाना वाढलाय, सकाळी सातचं रीडिंग. टेलिमेट्री असताना कशाला लिहिता विचारलं तर म्हणाले रेंज गेली की मग? आणि गेली पण, जुलैमध्ये सलग सहा दिवस डेटा गेला नाही, कारण मीटरमधल्या सिमचं रिचार्ज संपलं होतं आणि सिम बसवणाऱ्या पोराने ते खजिनदारांच्या नंबरला जोडून ठेवलेलं, मेसेज त्यांनाच येतात. आताचं रिचार्ज येत्या २८ ला संपतंय, खजिनदार मुलीकडे बंगळूरला गेलेत आणि फोन उचलत नाहीयेत, तेव्हा या वेळी २३९ रुपये माझ्याच खिशातून.